शिबिरार्थींची सेवा

दरवर्षी डिसेंबर लागला की मराठवाड्यातल्या कुठल्या ना कुठल्या गावात राष्ट्रीय सेवा योजनेचं हिवाळी शिबिर येऊन पडतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत सतरंज्या अंथरल्या जातात, फलकावर शिबिराचं नाव लागतं आणि सात दिवस गावाची सेवा सुरू होते. त्यातला पहिला दिवस उद्घाटनात जातो. नारळ, शाल, सरपंचांचं मनोगत, प्राचार्यांचं मनोगत आणि मनोगतांवरचं अध्यक्षीय मनोगत. शेवटचा दिवस समारोपात जातो, त्यातही हेच, फक्त नारळ नवा. मधल्या पाच दिवसांत दुपारच्या जेवणावर बौद्धिक सत्र असतं, त्यात वक्ता सोडून सगळे चिंतनात बुडालेले असतात. उरलेल्या वेळात श्रमदान. या उपक्रमाची टिंगल करणं सोपं आहे आणि ती होतेही. माझं म्हणणं जरा वेगळं आहे. या सात दिवसांत सेवा खरोखर घडते, भरपूर घडते. फक्त ती गाव करतं आणि शिबिरार्थी करवून घेतात.

वेळापत्रकच बघा. डिसेंबर-जानेवारीत जालन्याच्या काळ्या रानात कापसाची वेचणी चालू असते, तूर काढणीला आलेली असते आणि वेचणीला माणूस मिळत नाही म्हणून शेतकरी शेजारच्या गावात गाडी पाठवत असतो. नेमक्या त्याच आठवड्यात पन्नास धडधाकट पोरं-पोरी गावात येतात आणि रिकाम्या गल्ल्या झाडतात. गल्ल्या रिकाम्या असतात, कारण गाव रानात असतं. संध्याकाळी पारावर व्यसनमुक्तीचं पथनाट्य होतं. ते बघायला लहान मुलं आणि ज्यांना आता व्यसनही झेपत नाही असे म्हातारे बसतात. वेचणीला मात्र कुणी जात नाही. वाळलेल्या बोंडाची टोकं बोटांत घुसतात, नखांच्या कडा सोलतात, आणि चिकटलेला पालापाचोळा काढून, किडकी कवडी बाजूला टाकून स्वच्छ कापूस ओटीत घ्यायला हात बसावा लागतो. शिवाय अहवालात ‘कापूस वेचला’ असं लिहिलं तर ती मजुरी वाटते. ‘ग्रामस्वच्छता अभियान’ लिहिलं की काम झालं. इकडे गावाने तोवर पाण्याचा टँकर लावलेला असतो, कुणी मंडप दिलेला असतो, कुणाकडून दूध सुरू झालेलं असतं. आणि दिवसभर कापूस वेचून आलेल्या बाया, सोललेल्या बोटांनीच, गल्ली झाडून दमलेल्यांसाठी भाकरी थापायला बसतात.

हा दोष आपल्याच मातीचा, असं समजून कुणी खंतावू नये. अमेरिकेतल्या चर्चची तरुण मंडळी उन्हाळ्यात अशीच सेवेच्या सहलीवर निघतात. कुणी मुलांच्या शिबिराच्या खोल्या रंगवतं, कुणी परदेशात घरं बांधतं. १९९८च्या मिच वादळानंतर होंडुरासमध्ये अशा पथकांनी घरं बांधली आणि कर्ट व्हेर बीक या समाजशास्त्रज्ञाने नंतर त्याचा हिशेब मांडला. तिथल्याच संस्थांना एक घर साधारण दोन हजार डॉलरमध्ये पडत होतं. पाहुण्या पथकाचा विमानभाड्यासकटचा खर्च तीस हजारांच्या घरात जात होता. घर कुणी बांधलं याने राहणाऱ्यांच्या आयुष्यात फारसा फरक पडला नव्हता. बांधणाऱ्यांच्या आयुष्यातही, परतल्यावर, टिकाऊ फरक फारसा सापडला नाही. विमान कंपनीच्या आयुष्यात पडला असेल.

आता गावाची बाजू. अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीचं नाव २९ ऑगस्ट २०२३ला मनोज जरांगे पाटील मराठा आरक्षणासाठी उपोषणाला बसेपर्यंत जिल्ह्याबाहेर फारसं कुणी ऐकलं नव्हतं. १ सप्टेंबरला लाठीमार झाला आणि राज्यभराची माणसं तिकडे वळली. १४ ऑक्टोबरच्या सभेला तर रानंच्या रानं माणसांनी भरली. मागणीबद्दल ज्याचं त्याचं मत असो, तो वाद इथे उकरायचा नाही. पण एवढी माणसं येतात तेव्हा ती पाणी कुठे पितात, जेवतात काय, गाडी कुठे लावतात, हे प्रश्न विचारधारेचे नसतात. ते परिसरातल्या गावांनी निभावले. २०२५च्या ऑगस्टअखेर आंदोलक मुंबईत आझाद मैदानावर बसले, तेव्हाही गावोगावहून भाकरी, ठेचा, चटण्या गाड्या भरून गेल्या. त्याआधी कुणी भाकरी थापणाऱ्या बायांचं ‘गर्दी व्यवस्थापन’ या विषयावर बौद्धिक घेतल्याचं ऐकिवात नाही. आणि श्रमाचंच म्हणाल, तर १९७२च्या दुष्काळात याच मराठवाड्याने उन्हात खडी फोडली आणि पाझर तलाव खोदले. अशा लोकांना घमेलं कसं धरायचं हे दाखवायला आपण बस करून जातो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: काम गौण हो, मुलांवर संस्कार होतात. मान्य. २४ सप्टेंबर १९६९ला, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, ३७ विद्यापीठांत ही योजना सुरू झाली, तेव्हाही विद्यार्थी घडवणं हाच हेतू होता. मग तसं सांगावं. ‘आमची मुलं शिकायला येताहेत, सांभाळून घ्या,’ असं पत्र सरपंचांना गेलं तर एकही सरपंच नाही म्हणणार नाही. पण शिकायला जायचं आणि फलकावर ‘सेवा’ लिहायचं, म्हणजे ट्यूशनला जाऊन मास्तरांकडूनच फी मागण्यासारखं आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. बाबा आमट्यांच्या सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीतून, चंद्रपूरच्या मे महिन्यात भाजून निघालेली कितीतरी माणसं आयुष्यभर कामाला लागली, त्यांचं काय? खरं आहे. पण तिथे कुदळ कुठे मारायची हे यजमान ठरवतो, आणि तो यजमान म्हणजे कुष्ठरोगातून उठून पडीक जमीन पिकवणारी माणसं. तिथे आपण कुणाचा उद्धार करायला आलोय हा गैरसमज पहिल्या तासाभरात घामावाटे निघून जातो. स्वित्झर्लंडच्या पिएर सेरेसोलने १९२०मध्ये व्हर्दनजवळच्या एन या गावात अशा श्रमशिबिरांची सुरुवात केली. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या त्या फ्रेंच गावाला पथकातल्या जर्मन हातांची मदत पचेना, आणि पुढच्या वर्षी काम थांबवावं लागलं. हाच सेरेसोल पुढे १९३४च्या भूकंपानंतर बिहारमध्ये आला, पण राबला काही वर्षं. आपल्या जालन्याजवळ तर नारायण शेषाद्रींचं उदाहरण आहे. १८४३ साली ख्रिस्ती झालेल्या या माणसाने पुढे जालन्याजवळ बेथेल नावाचं गावच वसवलं. धर्मांतराबद्दल काय म्हणायचं ते म्हणा, पण सात दिवसांनी समारोप करून परत जायची सोय त्यांनी ठेवली नव्हती.

शिबिरं बंद करा असं मी म्हणत नाही. पोरांनी गाव बघायलाच हवं, नाहीतर तूर डब्यात उगवते असं वाटायचं. माझी सूचना फक्त प्रमाणपत्रापुरती आहे. सध्या ते महाविद्यालय देतं, त्यावर वाढीव गुण मिळतात आणि गावाला एक स्मृतिचिन्ह मिळतं, ते ग्रामपंचायतीच्या कपाटात आधीच्या स्मृतिचिन्हामागे जातं. यापुढे शेरा गावाने लिहावा. किती किलो कापूस वेचला, कवडी किती निघाली, स्वतःचं ताट घासलं की नाही, आणि भाकरी थापायला बसवल्यावर ती गोल आली की तालुक्याच्या नकाशासारखी. प्राचार्य म्हणतील, असे शेरे विद्यापीठाच्या नमुन्यात बसत नाहीत. न बसोत. खाली सही मात्र सरपंचांची नको; चुलीपुढे बसलेल्या बाईची हवी.