पाय बघा!

खाडीवर जाणाऱ्या प्रत्येक टोळक्यात एक नाना असतातच. शिवडीच्या जेटीवर तुम्ही फ्लेमिंगोंचा गुलाबी थवा बघून 'वा!' म्हणायला तोंड उघडावं, तर नाना तुमची मान धरून खाली चिखलाकडे वळवतात. फ्लेमिंगो काय, टॅक्सीवालाही ओळखतो! खरी परीक्षा चिखलात तुरुतुरु पळणाऱ्या मातकट जिवांची. त्यातले लिटल स्टिंट कोण आणि टेमिंक्स स्टिंट कोण?

"लिटलचे पाय काळे, टेमिंक्सचे पिवळसर. पाय बघा!"

बघावं तर पाय चिखलात रुतलेले. बाहेर काढले तरी चिखलाने माखलेले, म्हणजे काळेच. खाडीत सगळेच लिटल झाले की! ही शंका बोलून दाखवल्यावर नानांनी पक्ष्याचे पाय धुऊन निघेपर्यंत सगळ्यांना उन्हात उभं केलं. भरती आली आणि पक्षी उडाला.

आक्षीच्या किनाऱ्यावर तर कहर. "सँडर्लिंगला मागचं बोट नसतं, बघा!" लाटेमागे सुसाट पळणाऱ्या पक्ष्याचं नसलेलं बोट कसं बघायचं, हे फक्त नानांना ठाऊक. ग्रेटर सँड प्लोवरची चोच लेसरपेक्षा लांब, जाड. ती समोर धडधडीत दिसत असली तरी नाना तो उडायची वाट बघणार, कारण उडताना ग्रेटरची पावलं शेपटीबाहेर डोकावतात. पुतण्याच्या लग्नात मुलीचे दोन जुळे मामा आले. मांडवभर लोक त्यांच्या चेहऱ्यांत गोंधळलेले. नानांनी पंगतीत बसल्या बसल्या अंगठे बघून थोरला कोण ते सांगितलं. बरोबर सांगितलं, हे जास्त चीड आणणारं.

उभा जन्म बँकेत चेकवरच्या सह्या पडताळण्यात गेला, त्याचा हा परिणाम.

२०२३ मध्ये मात्र नानांवर आभाळ कोसळलं. जगाच्या पक्षियाद्यांनी लेसर सँड प्लोवरचे सायबेरियन आणि तिबेटन असे दोन पक्षी केले. वर तिबेटन हा सायबेरियनपेक्षा ग्रेटरलाच जवळचा, असं जनुकं सांगतात म्हणे. "सख्खा समजलो तो चुलत निघाला," म्हणत नाना दोन दिवस जेवले नाहीत. आपल्याकडे हिवाळ्यात येतात ते तिबेटन. मग जुन्या वह्या काढून लाल शाईने दुरुस्त्या, आणि प्रत्येक दुरुस्तीखाली सही!

त्या वह्या मी चाळल्या. पानोपानी एकच शेरा: 'स्टिंट. पाय दिसले नाहीत.' सबंध सकाळ उन्हात उभं राहून हा माणूस एवढंच लिहून घरी जातो. मोबाइलला फोटो दाखवून दोन सेकंदांत नाव ठोकणाऱ्या आमच्या पोरांच्या याद्या लांबलचक असतात. पण पैज लावायची वेळ आली तर मी नानांच्या कोऱ्या रकान्यावर लावीन. हे त्यांना सांगू नका.

परवा उरणकडे एका पाणथळीवर भराव घालायचा म्हणून पाहणीला साहेब आले. जीपमधून न उतरताच कागदावर लिहिलं: 'किरकोळ पक्षी आढळले.'

नाना खिडकीशी गेले. "किरकोळ म्हणजे कुठले?"

"अहो, सगळे सारखेच दिसतात."

"साहेब, सह्या सारख्याच दिसतात म्हणून मी चेक पास केले असते," नाना म्हणाले, "तर आज तुरुंगात असतो. उतरा खाली. बूट काढा."