लॉक दुसऱ्याच्या गाडीला

गाडीच्या वेगाला यंत्राने लगाम घालायचा म्हटलं, की सगळे एका सुरात हो म्हणतात. ट्रकला घाला. ट्रॅव्हल्सला घाला. स्कूल बसला तर घालाच. आणि तुमच्या गाडीला? "आमचं वेगळं आहे हो, आम्ही सांभाळून चालवतो."

सगळेच सांभाळून चालवतात, तर मग चलान कुणाच्या नावाने फाटतात?

कायद्यानेही याच वृत्तीला मान दिला आहे. 1 ऑक्टोबर 2015 नंतर तयार झालेल्या व्यावसायिक वाहनांना स्पीड गव्हर्नर सक्तीचा झाला. मर्यादा ताशी 80 किलोमीटर. डंपर, टँकर, स्कूल बस असेल तर 60. खासगी मोटारींना मात्र सूट. त्यामुळे समृद्धी महामार्गावर 80 चं लॉक असलेला ट्रक आणि दीडशे गाठू शकणारी आपली एसयूव्ही शेजारी शेजारी धावतात. लॉक ट्रकलाच.

मोटारींना काय मिळालं? बीप. जुलै 2019 पासून नव्या मोटारींत 80 ओलांडलं की अधूनमधून आणि 120 ओलांडलं की सलग. हा बीप गाडी अडवत नाही, इंधन तोडत नाही, नुसता टोकतो. तेवढंही सहन होत नाही. "तेवढा आवाज बंद करून द्या," हे गॅरेजमधलं नेहमीचं वाक्य आहे.

सीट बेल्टच्या आवाजाचंही आपण हेच केलं. बेल्ट न लावता खाचेत अडकवायची क्लिप ऑनलाइन विकली जात होती. मे 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला ती विक्रीतून काढायला लावावी लागली. जीव वाचवणारा आवाज गप्प करायला आपण पदरचे पैसे मोजतो.

आक्षेप नंबर एक: ओव्हरटेक करताना गाडीने दम सोडला तर? प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तरही तयार आहे. युरोपीय संघात जुलै 2024 पासून प्रत्येक नव्या मोटारीत वेगमर्यादा ओळखणारी यंत्रणा सक्तीची आहे. गाडी कॅमेऱ्याने पाटी वाचते, नकाशा पाहते, चालकाला सावध करते. अडचणीच्या क्षणी वेग लागलाच, तर शेवटचा शब्द चालकाच्या पायाचा.

म्हणजे भीती यंत्राची नाहीच. भीती आहे कुणीतरी टोकण्याची.

आक्षेप नंबर दोन: वेळ वाचतो. गणित करू. नागपूर ते शिर्डी समृद्धीने 520 किलोमीटर. न थांबता 120 ने 4 तास 20 मिनिटं. 140 ने 3 तास 43 मिनिटं. वाचली 37 मिनिटं. छत्रपती संभाजीनगर शहरात जालना रोडवर तर सिग्नलच हिशेब चुकता करतो. तिथल्या सेव्हन हिल्सपर्यंत सुसाट आलेला आणि सावकाश आलेला एकाच लाल दिव्यापाशी भेटतात.

आता दुसरी बाजू. 120 च्या वेगात गाडी सेकंदाला 33 मीटर कापते. समोरचं संकट दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत तेवढं अंतर सरलेलं असतं. आणि 80 च्या तुलनेत 120 ला धडकेचा जोर दीडपट होत नाही, सव्वादोनपट होतो.

त्या 37 मिनिटांत आपण नेमकं काय करणार होतो?

पण सगळं खापर चालकावर फोडून सरकारलाही मोकळं होता येणार नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये वैजापूरजवळ समृद्धीवर सैलानीहून परतणाऱ्या भाविकांचा टेम्पो ट्रॅव्हलर ट्रकवर आदळला. 12 जण गेले. तो ट्रक वाटेत थांबवल्याच्या आरोपावरून परिवहन खात्याच्याच दोघांना अटक झाली. भरधाव रस्त्यावर गाडी उभी राहत असेल, तर एकटं लॉक कुणाकुणाला वाचवणार?

ट्रकचालकाचंही ऐका. त्याच्या गाडीला 80 चं लॉक आहे. मालकाला माल सकाळी हवा आहे. पगार खेपेवर आहे. झोप कापायची की लॉक काढायचं, एवढंच त्याच्या हातात उरतं. आपण ड्रायव्हरच्या पायाला कुलूप लावलं, मालकाच्या वेळापत्रकाला लावलं नाही.

आणि ते कुलूप तरी कसलं? पासिंगपुरतं. आरटीओत गाडी दाखवायची, प्रमाणपत्र घ्यायचं, बाहेर पडलं की वायर काढायची. तपासणीचा तेवढा एक दिवस, बाकीचे सगळे दिवस विश्वास. रस्त्यावर उभं राहून लॉक चालू आहे का, हे पाहणारं पथक तुम्हाला शेवटचं कधी दिसलं?

हाच खेळ बॅटरीच्या स्कूटरवर चालतो. 250 वॉट आणि ताशी 25 किलोमीटरच्या आतली असेल, तर लायसन नको, नंबर प्लेट नको. म्हणून आईवडील ती क्लासला जाणाऱ्या पोराला घेऊन देतात. मग कुणीतरी तिचं लॉक उघडून देतं. मे 2022 मध्ये राज्याच्या परिवहन विभागाने अशा गाड्यांवर कारवाईचे आदेश काढले. संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात क्लास सुटायच्या वेळी उभे राहा, आदेश कुठवर पोहोचला ते कळेल.

नंबर नाही, लायसन नाही, लॉकही नाही. आणि हँडलवर पंधरा वर्षांचं पोर.

करायचं काय, हे अवघड नाही. मोटारींची सूट संपवा. निदान युरोपसारखी सावध करणारी यंत्रणा नव्या गाड्यांत आणा. पासिंगच्या कागदाऐवजी रस्त्यावरची गाडी तपासा. लॉक काढून देणाऱ्यालाही दंड करा, फक्त चालवणाऱ्याला नको. पाट्या अशा लावा की माणसालाही वाचता येतील आणि कॅमेऱ्यालाही.

हे सगळं सरकारने करायचं. आपण?

शोरूममध्ये आपण सनरूफ विचारतो, स्क्रीन किती इंचांची ते विचारतो. अनेक मोटारींत वेगाची मर्यादा किंवा इशारा स्वतः ठरवायची सोय असते. ती आहे का, हे विचारा. असेल तर घरी यायच्या आधी चालू करून घ्या. त्यासाठी ना अधिसूचना लागते, ना आरटीओ.