काकांचं उपरणं

मालवणजवळच्या आमच्या घरी गणपती माजघरात बसतो. माजघराला खिडकी एकच आणि तिच्या तोंडाशी फणस. भर दुपारीही सगळा कारभार समईवर. तिथे मी नवा फ्लॅश घेऊन दाखल झालो.

पहिला फोटो थेट मारला. आयएसओ १००, शटर १/२००. बाप्पा चुन्यासारखा पांढराफटक, मागे मिट्ट काळोख, आरास गायब. काकांनी चष्मा वर केला. "ह्यो गणपती काय पोलिसांच्या धाडीत गावलो?"

शटर जितकं जास्त वेळ उघडं, तितका समईचा उजेड आत येतो. फ्लॅशला त्याचं सोयरसुतक नाही. तो सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्याच्या आसपास येऊन जातो, लग्नात पाकीट देऊन न जेवता सटकणाऱ्या पाहुण्यासारखा. समई मात्र पंगतीत सावकाश जेवणारी. म्हणून फ्लॅश बंद करून शटर १/४ वर नेलं. आरतीच्या निरांजनाची जिलबी झाली आणि टाळ्या वाजवणारी आत्या अष्टभुजा.

शिवाय थेट फ्लॅशचा उजेड प्रसादासारखा वाटला जातो. पुढच्याला ओंजळभर, दुप्पट लांबच्याला चतकोर, तिप्पट लांबच्याला नववा हिस्सा. (हा निसर्गनियम आहे, हे मागच्या रांगेतल्या वहिनींना अजून पटलेलं नाही.) यावर शहरातले फोटोग्राफर फ्लॅश पांढऱ्या छताकडे वळवतात. आमच्याकडे वर कौलं. उजेड बाप्पाच्या डोक्यावर टांगलेल्या माटवीतल्या कवंडळांना शिवून वाशांत गडप झाला, तो परत आलाच नाही. बाजूच्या भिंतीवर मारला, तर भिंत पोपटी. अख्खं कुटुंब शेवाळलं.

रंगाचं भांडण वेगळंच. फ्लॅशचा उजेड साधारण ५५०० केल्विनचा, समईचा १९००च्या आसपास. एक निळसर, एक तांबूस. मखरातून उरलेला नारिंगी जिलेटीन कागद फ्लॅशच्या तोंडाला बांधला, तेव्हा कुठे दोघांचं जमलं. आयएसओ १६००, शटर १/१५, फ्लॅशचा जोर कमी. आता उजेड परतवायला हवं होतं फक्त काहीतरी मोठं, पांढरं. घरात तसं एकच होतं, काकांचं उपरणं, आणि ते सोवळ्यातलं.

"हात लावू नको. मीच धरतंय," म्हणत काका कोपऱ्यात दोन्ही हात पसरून उभे राहिले. फ्लॅश त्यांच्याकडे वळवला.

काय फोटो आला! समईच्या ज्योती, बाप्पाच्या डोळ्यांतली चमक, माटवीतली सुपारी, मागच्या रांगेतल्या वहिनीसुद्धा. सगळे कॅमेऱ्याभोवती गोळा झाले. काकांनी तो डावीकडून पाहिला, उजवीकडून पाहिला.

"आणि मी खंय आसंय ह्यात?"

मग त्यांना बाप्पाशेजारी उभं करून आणखी एक काढला. वाद नको म्हणून थेट फ्लॅश. दोघेही चुन्यासारखे पांढरे, मागे मिट्ट काळोख. ओसरीवर फ्रेम करून लावलाय तो हाच.