साहेबाचं आज्ञार्थी रूप

इंग्रजी घेऊन बी. ए. झालेला माणूस भिवंडीच्या लूम कारखान्यात मेहता म्हणून बसला की त्याच्या विद्वत्तेला दोनच वाटा उरतात: सुताच्या पोत्यावरचं लेबल वाचणं आणि जेवणाच्या सुट्टीत लोकांना छळणं. मी दोन्ही मन लावून करतो.

सध्या माझं लाडकं इंग्रजी क्रियापद आहे ‘पकराव’. म्हणजे पकडणं. गोऱ्या शिपायांच्या तोंडचं, आता मेलेलं. त्याची भावंडं ‘गब्राव’ आणि ‘फूझिलाव’, म्हणजे घाबरवणं आणि फुसलावणं. ही पिलावळ हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांनी १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात नोंदवून ठेवली. नावावरून वाटतं ना, फोर्टातली सॉलिसिटरांची जुनी पेढी? पण ते मोहरमच्या मिरवणुकीतलं ‘या हसन, या हुसेन’. शिपायांच्या जिभेवर त्याचं हे असं झालं. एवढं सांगितल्याशिवाय मला डबा गोड लागत नाही. बर्नेल बिचारा १८८२ मध्येच गेला, छापील पुस्तक त्यानं पाहिलं नाही. इथं मी चष्मा काढतो. वाईट वाटतंच, पण ते दिसायलाही हवं.

मग मात्र खरोखर चिडतो. ही सगळी क्रियापदं ‘पकडाओ’, ‘घबराओ’, ‘फुसलाओ’ अशा आज्ञार्थांवरून घडलेली. आयुष्य इथं काढलं, आणि साहेबाच्या पदरात हिंदुस्तानीचं पडलं काय, तर हुकूम! ‘मी पकडतो’ नाही, ‘आपण पकडू’ तर नाहीच. ज्याच्याशी फक्त हुकमापुरतं बोलायचं, त्याची भाषा आली असं म्हणायचं तरी कसं?

आमचा जॉबर तेलुगू बोलणारा पद्मशाली, वयानं माझ्याहून बराच मोठा. धोट्यात कांडी बसवत तो ऐकत होता.

“मेहताजी, तुम्हाला तेलुगू येतं ना?”

“येतं की! रा, पो, आपु.”

ये, जा, थांबव. आजूबाजूचे कारागीर उगाचच हसले. ‘रा’चं आदरार्थी रूप मला ठाऊक आहे, पण मराठी कानाला ते इतकं भलतं लागतं की वडीलधाऱ्या माणसाला चारचौघांत तसं म्हणवत नाही. हे मी त्याला व्याकरणासकट समजावून सांगितलं.

“मग नुसतं अण्णा म्हणा,” तो म्हणाला, आणि त्यानं लूम चालू केला.