टक्केवाले काका

दहावीला मुलगा असलेल्या आईच्या खालोखाल टक्क्यांची काळजी कोण वाहत असेल, तर विजेच्या मोटारीचा मालक. "काय, कसं काय?" असं विचारलं की तो "चौऱ्याऐंशी" म्हणतो आणि वर समाधानाने हसतो. पेट्रोलची गाडी होती तेव्हा काटा तळाला टेकल्याशिवाय हा गृहस्थ पंपाकडे ढुंकून पाहत नसे. आता आकडा चाळिसाच्या खाली गेला की त्याला अन्न गोड लागत नाही.

आमच्या सोसायटीतले काका हे या जातीचे अस्सल नग. निवृत्त आणि हिशेबी. खिशात पेन असतंच, त्याच्या शेजारी टेस्टरही. गाडी २०२० सालची नेक्सॉन. बॅटरी ३०.२ युनिटची, चाचणीतली रेंज ३१२ किलोमीटर आणि रस्त्यावरची दोनशेच्या आसपास. मधले शंभर कुठे गेले असं विचारू नये. काका सांगतात, आणि सविस्तर सांगतात. घरच्या मीटरवर चार्ज केली तर किलोमीटरला सव्वा रुपया पडतो, हे तर आमच्या वॉचमनलाही पाठ आहे. २२ ऑगस्ट २०२५ पासून अटल सेतूवर विजेच्या गाड्यांना टोल माफ झाला, तेव्हा काका मुंबईत कवडीचं काम नसताना सेतूवरून जाऊन आले. जाताना अडीचशे वाचले, येताना अडीचशे वाचले. पाचशे रुपये कमावल्याच्या थाटात त्यांनी आम्हाला चहा पाजला.

अशा माणसाला विजेच्या गाड्यांच्या रॅलीला जावंच लागतं. घरात ऐकणारं कोणी उरलेलं नसतं. मुलगा बंद फोन कानाला लावून गॅलरीत जातो, शेजारी लिफ्ट सोडून जिन्याने चढतात. रॅलीत मात्र सगळे आपलेच. अडचण एवढीच, की तिथेही ऐकणारा कोणी नसतो. जो तो आपला आकडा घेऊन आलेला. "मला चौदा युनिटला शंभर पडले" असं एक जण सांगतो आणि दुसरा "माझे साडेतेरा" म्हणेपर्यंतच दम धरतो.

यंदाची रॅली पुणे ते पाचगणी. अंतर शंभर-सव्वाशे किलोमीटर, म्हणजे शेंबडं पोरही स्कूटरवरून जाईल. पण रॅलीच्या ग्रुपवर एक्सेल तक्ता महिनाभर आधी आला होता : निघताना किती टक्के, खंबाटकीनंतर किती, वाईला किती. मी काकांच्या मागच्या सीटवर होतो, कारण काकू म्हणाल्या, "तू चल बाबा, निदान मला बोलायला कोणीतरी."

हिरवा झेंडा दाखवायला एक माजी नगरसेवक येणार होते. ते तासभर उशिरा आले, तेही भल्यामोठ्या डिझेल गाडीतून. इंजिन चालू ठेवूनच त्यांनी पर्यावरणावर भाषण केलं. धुराकडे पाठ करून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग हिरव्या पाट्यांची रांग आवाज न करता निघाली. आवाज न करणं हे गाडीपुरतंच. गाडीत काका होते.

"एकशे पाच," काका म्हणाले. "ताशी शंभरची वेस पहिल्यांदा ओलांडणारी मोटार विजेची होती. १८९९ साली, फ्रान्समध्ये. पेट्रोलवाले तेव्हा रांगत होते." हे ते ताशी सत्तरने सांगत होते आणि उजवीकडून स्वारगेट-सातारा एसटी आम्हाला मागे टाकून चालली होती. खिडकीतल्या एका आजींनी आमच्याकडे कळवळ्याने पाहिलं. "हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो," काकांनी एसटीला ऐकू जाईल अशा बेताने सांगितलं.

एसी अर्थात बंद. एसीने फार फरक पडत नाही, खरा खर्च वेगाचा, हे काकांनीच आम्हाला तीनदा समजावलं होतं. पण तत्त्व वेगळं आणि काळीज वेगळं. काकूंनी घडी घातलेल्या एक्सेल तक्त्याने वारा घ्यायला सुरुवात केली.

वाटेतल्या चार्जरवर फक्त दोन गन आणि आमच्या गाड्या बारा. त्यात एका गनसमोर कोणा मिसळ खाणाऱ्याची पेट्रोलची गाडी उभी. त्याला शोधून काढून, रश्शासकट बाहेर आणून, काकांनी जे प्रवचन दिलं ते ऐकून तो बिचारा पाव हातात घेऊनच गाडीत बसला. रॅलीचा कायदा असा, की ऐंशीला गन काढायची. ऐंशीनंतर बॅटरी वीज सावकाश घेते आणि मागचे ताटकळतात. एक तरुण ब्याऐंशीपर्यंत बसून राहिला. पाचगणीपर्यंत त्याच्याशी कोणी धड बोललं नाही.

खरं नाट्य मुक्कामाच्या हॉटेलात झालं. पंधरा अँपिअरचा पॉईंट आहे, असं फोनवर कळलं होतं. तो स्वयंपाकघरात, फ्रीजच्या मागे निघाला. फ्रीज सरकवला, खिडकीतून केबल ओढली, चार्जर लावला, तर लाल दिवा. "अर्थिंग नाही," काका म्हणाले. मॅनेजर दुखावला. "काका, मिक्सर चालतो, गीझर चालतो, तुमच्याच गाडीला काय झालंय?" काकांनी उत्तर दिलं नाही. खिशातून टेस्टर काढला, होल्डरला वायर जोडलेला बल्ब पिशवीतून काढला. फेज आणि न्यूट्रलमध्ये बल्ब लख्ख पेटला, फेज आणि अर्थमध्ये नुसता मिणमिणला. मोबाईलच्या उजेडात बारा गाड्यांचे मालक हॉटेलमागे अर्थिंगचा खड्डा शोधायला निघाले. तो सापडला तुळशीच्या कुंडीखाली, ठणठणीत कोरडा. दोन बादल्या पाणी आणि स्वयंपाकघरातलं पसाभर मीठ त्यात गेलं. काकांनी पुन्हा चार्जर लावला. लाल, लाल, आणि मग हिरवा. काय टाळ्या पडल्या! आचारीसुद्धा लाटणं घेऊन बाहेर आला. मी इतकी वर्षं काकांना ओळखतो, पण त्या क्षणी ते जसे दिसले तसे स्वतःच्या निवृत्तीच्या समारंभातही दिसले नव्हते. मी मनातल्या मनात त्यांचे अटल सेतूचे पाचशे रुपये माफ करून टाकले.

सूर्यास्त कोणी पाहिला नाही. त्या वेळी सगळे बॅटरीच्या तापमानावर बोलत होते.

दुसऱ्या दिवशी पसरणीचा घाट उतरताना काकांचा चेहरा उजळला. उतारावर गाडीची मोटर उलट काम करते, वेग आवरता आवरता वीज बनवून बॅटरीत भरते. पाचगणी सोडताना एकसष्ट होते, वाई दिसू लागली तेव्हा चौसष्ट. काकांनी गाडी कडेला घेऊन पडद्याचा फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. तोवर तिथे असे नऊ फोटो येऊन पडले होते.

"येताना चढावर किती गेले होते हो?" काकूंनी विचारलं.

"पंधरा. पण तो मुद्दा नाही. हे तीन बघ! फुकटचे! देवाने दिलेले!"

"फुकटचे ना? नक्की?"

"शंभर टक्के!"

"मग ते माझे," असं म्हणून काकूंनी काचा वर केल्या आणि एसी लावला.