मास बॅलन्स

डोंबिवलीच्या आमच्या सोसायटीत त्यांना सगळे ‘प्लँटकाका’ म्हणतात. माटुंग्याच्या यूडीसीटीचे केमिकल इंजिनिअर. (तिला आता आयसीटी म्हणतात, त्यांच्यासमोर म्हणू नये.) उभी नोकरी ठाणे-बेलापूर पट्ट्यात झाली. निवृत्त झाले, पण प्लँट काही सुटला नाही. पहाटे उठतात ती ‘फर्स्ट शिफ्ट’. काकू माहेरी गेल्या की ‘शटडाऊन’. कुणाकडे गेले तर आधी कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह तपासतात, मगच चहा घेतात.

सोसायटीच्या खतखड्ड्याला त्यांनी लॉगबुक ठेवलंय. आत किती ओला कचरा, किती वाळकी पानं, तापमान किती. पारा 60 अंशांवर गेला की पेढे वाटायचेच काय ते बाकी राहतात. कार्बन-नायट्रोजनचं प्रमाण 30 ला 1 हवं, हे त्यांनी वॉचमनच्या डोक्यात असं भरवलंय की परवा तोच मला म्हणाला, ‘‘साहेब, काल पाचव्या मजल्यावर बारसं होतं, नायट्रोजन वाढलाय. पानं टाकायला लागतील.’’

दर गुरुवारी काका महापालिकेच्या शाळेत सातवीला शिकवतात. पहिल्या दिवशी आम्ल, आम्लारी आणि दर्शक यांवर वीस मिनिटांची प्रस्तावना पाठ करून गेले होते. हळदीचा कागद साबणाच्या पाण्यात बुडवला, तो लाल झाला. काका तोंड उघडणार, तोच शेवटच्या बाकावरची मुलगी म्हणाली, ‘‘वरणाच्या डागाला साबण लावला की होतं, तेच ना? आणि हळदीत चुना घालून कुंकू करतात, ते पण?’’ प्रस्तावना खिशातच राहिली. हा किस्सा त्यांनी मला आतापर्यंत तीनदा सांगितलाय, आणि तिन्ही वेळा डोळे पुसलेत.

मी एकदा म्हटलं, ‘‘काका, समाजाचं ऋण छान फेडताय.’’ ते एकदम उखडले.

‘‘ऋण-बिण काही नाही हो. साधा मास बॅलन्स आहे. आत आलं त्यातून बाहेर गेलं ते वजा करा, उरलं ते साठलं. माझी फी नावापुरती, बाकी शिक्षण लोकांच्या करातून. एवढं आत घेतलं, बाहेर काय काढलं? नाहीतर सगळं साठतच जाणार.’’

‘‘साठलेलं माळ्यावर आहे!’’ स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला. ‘‘चार खोकी काचेच्या बाटल्या आणि मोडका पंप. ते कधी बाहेर काढताय?’’

काकांनी आवाज एकदम खाली आणला.

‘‘पुढच्या शटडाऊनला.’’