ओलीचा पंचनामा

ज्या मुलखात मृग कोरडा गेला की माणसे आभाळाकडे आणि आर्द्राही कोरड्या गेल्या की सावकाराकडे पाहू लागतात, त्या मुलखात ओलीचे भय बाळगणारा एखादा गृहस्थ निपजावा हा सृष्टिक्रमातील चमत्कारच मानला पाहिजे. आणि तो आमच्याच घरी, जावयाच्या नात्याने, यावा हा आमच्या प्राक्तनाचा भाग. सोलापूर जिल्ह्याचे वार्षिक पर्जन्यमान साडेपाचशे मिलिमीटरच्या आगेमागे, आणि त्यातलाही मोठा हिस्सा पाऊस परतीच्या वाटेला लागल्यावर पदरात पडणारा. करकंबच्या काळ्या रानातली रब्बीची ज्वारी त्याच पावसाने मुरवलेल्या ओलीवर पोसते, तेव्हा पेरणीआधी मूठभर माती दाबून “ओल हाय का?” असे विचारणारा शेतकरी ती असावी म्हणून विचारत असतो. ती नसावी म्हणून विचारणारे पहिले करकंबकर आमचे दाजी.

दाजी तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. सारी हयात पंचनामे, जबान्या आणि रुजवाती यांत गेल्यामुळे, ज्या गोष्टीचा कागद झालेला नाही ती गोष्ट घडली असे मानावयास त्यांची बुद्धी सहसा तयार होत नाही. अशा मनुष्याला उतारवयात भटकंतीची वासना व्हावी तीही सरकारी मार्गानेच झाली. सन 2021 मध्ये महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. ते दाजींनी अथपासून इतिपर्यंत वाचले, समासात खुणा केल्या, आणि ज्याअर्थी शासनाची इच्छा आहे त्याअर्थी आपण चाकांवरच्या घरातून हिंडणे हे नागरिकाचे कर्तव्य ठरते, असा निष्कर्ष आक्कासमोर मांडला. आक्का म्हणाली, “आधी चाकांखेरीज जे घर आहे त्याचं माळवद गळतंय ते बघा.” तिचा अर्ज, नेहमीप्रमाणे, दप्तरी दाखल झाला.

पुण्याकडे एक जुनी गाडी विक्रीस होती. मिनीबसच्या सांगाड्यावर बांधलेली, आत दोन बिछाने, ओटा, प्लायवूडची कपाटे, छताला हवेची झडप. आणि कोकणातले काही पावसाळे खाऊन आलेली. इंग्लंडात राहणाऱ्या पुतण्याला दाजींनी फोटो पाठवले, तेव्हा त्याने फोनवर एवढेच सांगितले, “काका, गाडी नंतर बघा, आधी ओल मोजायचं मीटर घ्या.” त्या देशात म्हणे गाडीचे इंजिन जसे दरवर्षी तपासतात तशी कॅराव्हॅनच्या भिंतींची ओलही तपासतात. बाहेरून ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, आत लाकडी पट्ट्या आणि वरून छापील प्लाय अशी तिथल्या भिंतींची घडण. पत्र्याच्या सांध्यांत भरलेले लुकण उन्हापावसाने तडकले की पाणी चोरपावलांनी आत शिरते, आणि लाकडात वीस टक्क्यांच्या वर ओल टिकून राहिली की बुरशीला राहण्याचा परवानाच मिळतो. वरची छापील वेलबुट्टी मात्र शेवटपर्यंत प्रसन्न दिसत असते, आणि गाडी विकणाऱ्याचा चेहराही.

मीटर निवडण्याचा प्रश्न दाजींनी रीतसर सुनावणीला घेतला. बाजारात मुख्यतः दोन जाती. एकीला दोन सुया असतात. त्या लाकडात टोचल्या की त्यांच्यामधून किंचित वीज सोडली जाते, आणि कोरडे लाकूड विजेला अडवते व ओले तिला वाट देते या न्यायाने आकडा उमटतो. दुसरी बिनसुईची; भिंतीला नुसती टेकवायची, भोक पडत नाही. इंग्लंडातला पुतण्या साहजिकच बिनसुईच्या पक्षाचा, कारण तिथे दुसऱ्याच्या गाडीला भोके पाडणे सभ्यपणाचे समजत नाहीत. परंतु आपल्याकडच्या बसबांधणीत प्लायच्या मागे लोखंडी सांगाडा असतो, आणि बिनसुईच्या यंत्राला मागे धातू लागला की ते कोरड्या ठणठणीत भिंतीवरही पूर आल्याची वर्दी देते. सबब सुईचे मीटर मंजूर झाले, आणि भोके खिडकीच्या रबरी पट्टीखाली, जिथे कोणाची नजर जात नाही, तिथेच पाडावीत असा हुकूम झाला. हा निर्णय योग्य होता, असे माझेही मत आहे, जरी ते कोणी विचारले नव्हते.

मीटर घरी आल्यावर करकंबात सुईपासून काही सुटले नाही. दार टोचून झाले, देवघराचा चौरंग झाला, आक्काचे पोळपाट झाले. ज्वारीच्या पोत्यात सुया खुपसून दाजी काही आकडा सांगू लागले, तेव्हा त्या यंत्राची मोजपट्टी लाकडासाठी आखलेली असून धान्यावर तिचा अंमल चालत नाही, हे मला पुस्तिका दाखवून सांगावे लागले. शेजारचा बेदाणावाला आपला माल घेऊन आला. त्यालाही हेच सांगितले, पण दाजींनी तोवर त्याला दाखला लिहून दिला होता. लोणा धरलेल्या मातीच्या भिंतीवर तर आकडा असा उसळला की भीमाच भिंतीआड वाहत असावी. वस्तुतः क्षारही विजेला वाट देतात, आणि भिंत जेवढी खारट तेवढी ती यंत्राला ओली भासते. यावरून घ्यावयाचा बोध असा की मातीच्या भिंतीवर एकट्या आकड्याला किंमत नाही. कोरड्या जागेचा आकडा आधी घ्यावा आणि संशयिताची रुजवात त्याच्याशी घालावी.

विक्रेता गाडी घेऊन आला तो भर मे महिन्यात. इथे खरी कायदेशीर अडचण उपस्थित झाली. सोलापूरच्या मे महिन्यात गळकी गाडीदेखील निष्कलंक ठरते; ओलीची तपासणी पावसानंतरच करावी हे शास्त्र, आणि पावसाची तारीख द्यावयास आभाळ तयार नाही. दाजींनी तोडगा काढला. द्राक्षबागेत औषध फवारण्याचा सहाशे लिटर टाकीचा ट्रॅक्टरवरचा ब्लोअर धुऊन आणवला, आणि गाडीवर चहूबाजूंनी पाऊस पाडला. ब्लोअरवाला पाणी सोडता सोडता म्हणाला, “दाजी, उजनीचं पाणी बागंला पुरंना, आन् तुमी मोटारीला पाजताय व्हय?” जमलेल्या पोरांनी मात्र त्या पावसाचा पूर्ण उपभोग घेतला.

एक रात्र मध्ये जाऊ देऊन, लाकूड तापल्यास आकडा फुगतो म्हणून ऊन चढण्याआधीच, दाजी आत शिरले. भिंतींचा नकाशा काढला होताच. मध्यापासून कोपऱ्याकडे, वरून खाली, टोचत टोचत आकडे भरले गेले. भिंतीचा मध्य नऊ, कपाट दहा, मागच्या खिडकीचा कोपरा चोवीस, छताच्या झडपेशेजारी सत्तावीस. विक्रेत्याने यंत्रावरच हरकत घेतली आणि खातरजमेसाठी सुया स्वतःच्या तळहातावर टेकवल्या. आकडा मोजपट्टीच्या टोकाला जाऊन थांबला. “बघा, हे यंत्र मलाही कुजका म्हणतंय!” तो म्हणाला. दाजींनी शांतपणे नकाशाखाली नोंद केली : विक्रेता इसम, मर्यादेबाहेर.

सौदा अर्थातच मोडला. विक्रेत्याने जाताना पंचनाम्याची एक प्रत मागून नेली, आणि थोड्याच दिवसांत गाडीची नवी जाहिरात आमच्या वाचनात आली : “यंत्राद्वारे ओलीची समक्ष तपासणी झालेली गाडी, लेखी पंचनाम्यासह.” दाजींनी ती पुनःपुन्हा वाचली. तिच्यात त्यांना असत्य असे काही सापडेना. नक्कल-फी न भरता प्रत बाहेर गेलीच कशी, एवढाच त्यांचा आक्षेप उरला, आणि त्याबद्दलचा अर्ज त्यांनी त्याच रात्री लिहावयास घेतला. तो कोणाच्या नावे करावयाचा, हे अद्याप ठरलेले नाही.